बैलाला सोमवार होता, आपल्याला कोणता वार?



आज गुरुवार, 20 नोव्हेंबर. आमच्या गावचा बाजार, आणि वरून अमावस्या. माझे आजोबा असते तर आज औत सोडलेलं असतं आणि बैल गोठ्यात रवंथ करत बसले असते. मी पण आज रानात गेलो नाही. सकाळी म्हशीची धार काढली, वैरण टाकली आणि घरी येऊन बसलो. त्यामुळं आजच्या नोंदीत पिकाचं थोडं आणि माणसाचं जास्त आहे. शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या द्यायच्या तर द्या.

आधी पिकाचं सांगतो, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

यंदा सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात पावसानं काय केलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. माझं चार एकर सोयाबीन. त्यातलं ओढ्याकडचं दीड एकर पाण्यातच गेलं, उरलेलं डागी निघालं. दिवाळी झाली तरी रान ओलं. हरभऱ्याची पेर लांबत चालली आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. शुक्रवारी, 31 ऑक्टोबरला, मला काही दम निघाला नाही. वरच्या अंगाच्या अर्ध्या एकरात वाफसा आल्यासारखा वाटला. ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं आणि पेरून घेतलं. खरं सांगायचं तर वाफसा नव्हता. माती मुठीत दाबली की गोळा होत होता, आणि खाली टाकला तरी फुटत नव्हता. तीस वर्षं शेती केलेल्या माणसाला हे कळत नाही असं नाही. कळत होतं. पण हात रिकामे ठेवायची सवय नाही.

त्याच रात्री पोरगा पुण्याहून आला. तिथं कंपनीत नोकरीला आहे, शनिवार-रविवार सुट्टी असते. जेवताना मी म्हणालो, उद्या खालचं पण उरकून टाकू. तो म्हणाला, "अण्णा, चिखलात पेरून तुम्हाला कुठं पोचायचंय? दोन दिवस थांबा. माझ्यासारखं वीकेंड करा एकदा."

त्याचं ऐकायचं मनात नव्हतं. पण सकाळी ट्रॅक्टरवाल्यानंच सांगितलं, खालच्या रानात ट्रॅक्टर रुतंल, मी आणत नाही. असा मला माझ्या आयुष्यातला पहिला वीकेंड मिळाला. मागून मिळाला नाही, चिखलामुळं मिळाला.

शनिवारी पोरगा आठ वाजेपर्यंत झोपला. उठल्यावर चहा घेत मोबाईलवर फोटो दाखवायला लागला. त्याच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत, त्यात टोमॅटो लावलाय. एका झाडाला चार टोमॅटो. हे बघा अण्णा फूल, हे बघा सेटिंग झालं, हे बघा रंग आला. मी हसलो. म्हणालो, अरे आपल्याकडं टोमॅटो रस्त्यावर ओतून देतात, तू चार फळांचं काय कौतुक करतोस? तो काही बोलला नाही. त्याचं तोंड बघून मलाच वाईट वाटलं.

नंतर पडल्या पडल्या विचार केला. ह्याला चार टोमॅटोत आनंद कशाचा? मग लक्षात आलं, त्याच्या टोमॅटोला बाजारभाव नाही. उत्पादन खर्च नाही, आडत नाही, हमाली नाही. मातीत हात घालायचा आणि काय उगवतं ते बघायचं, एवढंच. तसा मातीत हात घालून मला किती वर्षं झाली? मी बी टाकतो तेव्हाच डोक्यात क्विंटल आणि भाव सुरू होतो.

आमच्या घरामागं मालकिणीची परसबाग आहे. दोन वाफे मेथी-कोथिंबिरीचे, कुंपणाला दोडका आणि वाल, कडीला शेवगा, मोरीच्या पाण्यावर अळू आणि एक पपई. मी त्या बागेला कधी शेती म्हणालोच नाही. "तुझं ते बायकांचं" असं म्हणायचो. त्या शनिवारी पोराबरोबर तिथं गेलो. वाफ्याचं गवत काढलं, दोडक्याला तारेचा मांडव करून दिला, मोरीचं पाणी सरळ पपईला जावं म्हणून चारी ओढली. दोन-अडीच तास गेले. घाम आला, कंबर पण दुखली. पण संध्याकाळी थकलो असं वाटलं नाही. काम तेच होतं, फक्त त्याच्यामागं कर्ज नव्हतं. साहेब लोक ज्याला छंद म्हणतात तो हाच असावा.

आता रविवार. 2 नोव्हेंबर. कार्तिकी एकादशी होती, म्हणून घरात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आणि त्याच दिवशी नवी मुंबईला महिला वर्ल्ड कपची फायनल, आपली टीम आणि दक्षिण आफ्रिका. पोरानं टीव्ही बाहेरच्या ओट्यावर आणून लावला. तिकडं पाऊस, मॅच दोन तास उशिरा सुरू झाली. मी म्हणालो, बघा, पाऊस तिथं पण वाफसा होऊ देत नाही. तोपर्यंत गल्लीतली माणसं जमली. चार-पाच शाळेतल्या पोरी पुढं येऊन मांडी घालून बसल्या. आणि माझी मालकीण, जिनं आयुष्यात एक ओव्हर धड बघितली नव्हती, ती दाराला टेकून बसली. उपासामुळं स्वयंपाक कमी होता ना.

पुढं काय झालं ते तुम्ही बघितलं असेल. आपण 298 केले. शेफाली वर्मानं 87 ठोकल्या. आपल्या सांगलीची स्मृती मानधना 45 वर गेली तेव्हा पोरी हळहळल्या. त्यांची कॅप्टन शंभर करून उभी राहिली तेव्हा गल्ली गप्प झाली. मग दीप्ती शर्मानं पाच गडी काढले आणि शेवटचा झेल हरमनप्रीतनं मागं पळत जाऊन घेतला. 52 धावांनी जिंकलो. मध्यरात्र उलटून गेली होती. पोरी नाचल्या, कुणीतरी फटाक्याची उरलेली माळ लावली, कुत्री भुंकली.

सगळे गेल्यावर मालकीण टीव्हीची वायर गुंडाळत होती. म्हणाली, "ह्या पोरींना घरच्यांनी खेळायला सोडलं असंल, तेव्हाच इथवर आल्या. नाही का हो?" मी म्हणालो, तर काय. मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या पोराला शनिवार-रविवार आहे. मजुरांना बाजार आहे. तुम्हाला यंदा चिखलानं दिला. मला कोणता वार आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. ही नोंद त्या प्रश्नामुळं लिहितोय.

मंडळी, माझं मत सरळ आहे. शेतकऱ्याला आठवड्यातून एक दिवस ठरवून सुट्टी पाहिजे, ती शेतीचं काम म्हणूनच धरली पाहिजे, आणि ती घरातल्या बाईसकट पाहिजे. एकट्या गड्याला सुट्टी आणि बाईला जास्तीचा स्वयंपाक, त्याला मी सुट्टी म्हणणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे शहरातलं खूळ. अजिबात नाही. आपल्याकडं सुट्टी होती. माझ्या आजोबांच्या काळी सोमवारी बैल जुंपत नव्हते. सोमवार महादेवाचा, म्हणजे नंदीचा. अमावस्येला औत बंद. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळण, बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून चोळायचं, आणि पोळ्याला तर त्याच्या मानेवर जू ठेवायचंच नाही. ह्यात देवधर्म होता तसाच हिशेब पण होता. खांदा सुजलेला बैल पुढचे दहा दिवस कामाचा राहत नाही, हे जुन्या माणसाला माहीत होतं. आणि बैल थांबला की त्याच्यामागचा माणूस आपोआप थांबायचा. आजोबा सोमवारी दोर वळायचे, दावी करायचे, दुपारी पारावर सोंगट्या मांडायचे.

मग ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला सोमवार नाही, अमावस्या नाही, रात्र नाही. त्याला दिवे आहेत. मी ट्रॅक्टरच्या विरोधात नाही, माझी कंबर त्यानंच वाचवली. पण बैलाबरोबर बैलाची सुट्टी गेली आणि तिच्या आडोशाला असलेली आपली सुट्टी पण गेली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शहरातला रविवार तरी कुठं आपोआप आला? मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी 1884 साली गिरणी मजुरांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज दिले, आणि 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. ते मजूर कोण होते? कोकणातले आणि घाटावरचे शेतकऱ्यांचेच पोरं. गावाकडची शेती पोट भरीना म्हणून मुंबईला गेलेले. त्यांना रविवार मिळाला. गावात राहिलेल्या त्यांच्या भावाला मिळाला नाही. कारण त्यांना सुट्टी मागायला समोर मालक होता. आपण कुणाला मागायची? आपण आपलेच मालक, आणि हा मालक लई कडक आहे.

बघा ना, बैलगाडा शर्यतीसाठी आपण किती भांडलो. 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी मिळाली, मे 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. चांगलं झालं, शंकरपट हा आपला खेळ आहे, मी पण आवडीनं बघतो. पण बैलाच्या पळण्यासाठी दिल्लीपर्यंत गेलेले आपण स्वतःच्या बसण्यासाठी गावच्या पारापर्यंत गेलो नाही.

आता न थांबण्याची किंमत सांगतो, माझीच.

जानेवारी 2024. हरभऱ्याचे घाटे भरत होते, पाणी द्यायचं होतं. त्या आठवड्यात आमच्या लाईनला थ्री फेज रात्रीची पाळी होती. दिवसा तुरीची रास, रात्री तुषारचे पाईप बदलायचे. सलग तिसरी रात्र. मालकीण म्हणाली, आज राहू द्या. मी म्हणालो, एका रात्रीत उरकतंय. पहाटे अडीचच्या सुमाराला पाईप खांद्यावर घेऊन बांधावरून चालताना डोळा लागला. हो, चालता चालता. बांधाखाली पडलो, डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. धारेला माणूस लावला, राशीला माणूस लावला, हरभरा दुसऱ्याच्या हातानं काढला. एक रात्र वाचवायला गेलो आणि 42 दिवस घालवले. हा हिशेब कोणत्या पीक कर्जाच्या कागदात येत नाही.

आणि पडणं तरी बरं. थकलेला माणूस फवारणीला गेला की तोंडाला फडकं बांधायचा कंटाळा करतो, वाऱ्याच्या तोंडाला फवारतो, नोझल तोंडानं फुंकतो. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, ती सगळी थकव्यावर ढकलणार नाही. पण थकलेल्या माणसाच्या पाठीवर विषाचा पंप देऊ नये, एवढं तरी कळायला कोणत्या डिग्रीची गरज नाही.

आता तुमच्या मनात आलेलं बोलतो. "शेतीत कुठं रोज काम असतं? तसा मोप रिकामा वेळ असतोय." बरोबर. म्हणूनच मी माझी डायरी काढली. मी पावसाची आणि कामाची नोंद रोज लिहितो, दहावीनंतर तेवढंच लिहिणं हाताला राहिलंय. मागच्या वर्षीचे 52 बाजार मोजले, म्हणजे 52 गुरुवार. त्यातले 14 असे होते की काम टळलंच नसतं. पेरणी, काढणी, रास, पावसाच्या तोंडाला झाकाझाक. राहिले 38. त्या 38 दिवसांत मी काय केलं? 11 दिवस तालुक्याला गेलो. बँक, केवायसी, सातबाऱ्याची दुरुस्ती, ऑनलाईन अर्ज. 8 दिवस लग्न आणि मातीला. 10 दिवस कशाची तरी वाट बघत, लाईटची, मजुरांची, ट्रॅक्टरची. आणि 9 दिवस चहाच्या हॉटेलवर मोबाईलमध्ये डोकं घालून.

म्हणजे रिकामा वेळ होता. सुट्टी एक दिवस पण नव्हती. दोन्हीत फरक आहे मंडळी. रिकाम्या वेळात माणूस वाट बघतो आणि मनात कुढतो. सुट्टीत तो वाट बघत नाही, कारण आज काम करायचं नाही हे आधीच ठरलेलं असतं. वाट बघत बसलेला माणूस संध्याकाळी जास्त दमतो, हे मी डीपीजवळ बसून अनुभवलंय.

दुसरी शंका, जनावराचं काय? म्हैस सुट्टी देत नाही. खरंय. म्हणून मी शेजाऱ्याबरोबर पाळी लावली. एका गुरुवारी दुपारची वैरण-पाणी तो दोन्ही घरचं बघतो, पुढच्या गुरुवारी मी. धार ज्यानं त्यानं काढायची. सुट्टी म्हणजे खाटेवर पडून राहणं नव्हे. सुट्टी म्हणजे औत नाही, फवारणी नाही, खुरपणी नाही आणि तालुक्याचे कागद नाहीत. पेरणीचा वाफसा आणि काढणी ह्याला माफी. पण माफी घेतली तर त्याच आठवड्यात दुसरा अर्धा दिवस फेडायचा, नाहीतर माफीचाच पायंडा पडतो.

तिसरी शंका, "कर्ज डोक्यावर असताना सुट्टी कसली?" माझ्यावर पण पीक कर्ज आहे, आणि यंदा सोयाबीननं काय दिलं ते वर लिहिलंय. पण गुरुवारी बांधावर उकिडवं बसून पिकाकडं बघत राहिल्यानं कर्ज फिटत नाही. शेतात धन्याची सावली पडावी, असं जुनी माणसं म्हणायची. मान्य. पण सावली पडायला धनी उभा तरी राहिला पाहिजे.

वार कोणता? मी म्हणतो, बाजाराचा. रविवार आपल्या कामाचा नाही, कारण आपला आठवडा कॅलेंडरवर नाही, बाजारावर चालतो. बाजाराच्या दिवशी मजूर तसे पण येत नाहीत, त्यांनी ही सुट्टी केव्हाच धरली आहे. त्याबद्दल आपण त्यांना नावं ठेवतो. खरं तर त्यांचं बरोबर आहे, आणि त्यांची ती सुट्टी बिनपगारी आहे हे पण आपण ध्यानात ठेवावं.

आणि हे एकट्यानं जमत नाही. सगळं गाव रानात असताना एकटा घरी बसला तर तो आळशी ठरतो. त्याला स्वतःलाच करमत नाही. बैलाचा सोमवार टिकला कारण तो सगळ्या गावाचा होता. आमच्या पिढीनं असं आणखी एकदा बघितलंय. 1987 ला टीव्हीवर रविवारी सकाळी रामायण सुरू झालं. मी तेव्हा दहावीच्या वर्षात. आमच्या गल्लीत एकच टीव्ही, लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी लावायचे. त्या तासाला रानात माणूस दिसत नव्हता. कुणी ठराव केला नव्हता, दवंडी दिली नव्हती. सगळं गाव थांबायचं आणि त्यामुळं कुणाचं पीक बुडालं असं मी ऐकलं नाही. आज घरटी टीव्ही आहे, माणशी मोबाईल आहे, आणि एका जागी बसलेलं गाव दिसत नाही. त्या फायनलच्या रात्री किती वर्षांनी दिसलं.

आपल्या लातूर-धाराशिव भागात येळवस आहेच की. पुढच्या अमावस्येला येईल. त्या दिवशी कुणी काम काढत नाही. कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. रान तेच, पण त्या दिवशी आपण रानात मजूर म्हणून जात नाही, पाहुणे म्हणून जातो. वर्षातून एकदा जमतंय ते आठवड्यातून अर्धं तरी जमेल. फक्त येळवशीच्या स्वयंपाकाला बायका पहाटे तीनला उठतात, तेवढं मात्र शिकायचं नाही. उलट करायचं.

माझे तीन गुरुवार झाले. काय झालं ते खरं लिहितो.

पहिल्या गुरुवारी करमलंच नाही. दोनदा गाडी काढून रानात जाऊन आलो, "नुसतं बघून येतो" म्हणून. मालकीण हसली. दुपारची खिचडी मी केली. खाली लागली. तिनं खाल्ली आणि काही बोलली नाही, हे मी मोठं सर्टिफिकेट समजतो.

दुसऱ्या गुरुवारी खुंटीवरचा पखवाज काढला. मनगट मोडल्यापासून त्याला हात लावला नव्हता. धूळ झटकली, वाद्या आवळल्या, गट्टे ठोकून शाईची बाजू सुरात आणायचा प्रयत्न केला, दुसऱ्या बाजूला कणीक लावली. डावा हात अजून धड पडत नाही. पण संध्याकाळी भजनातले दोघं जण आवाज ऐकून घरी आले. त्यातला एक म्हणाला, "दोन वर्षं तुमच्या ओट्यावरून आवाज नाही, आम्हाला वाटलं सोडलं तुम्ही." मी सोडलं नव्हतं. वेळ मिळाला की वाजवू म्हणत होतो. वेळ मिळत नसतो, तो बांधासारखा आखावा लागतो, नाहीतर शेजारचं काम रोज वीतभर आत सरकतं.

आज तिसरा. मालकीण सकाळीच तिच्या मैत्रिणींबरोबर बाजाराला गेली. मी यादी विचारली तर म्हणाली, "यादी नाही. आज मी नुसती फिरणार आहे." चाळीस वर्षांच्या बाजारात तिनं पहिल्यांदा असं केलं असेल. आता दुपारचे साडेतीन झालेत, अजून आली नाही. मी चहा करून पिलोय आणि हे लिहितोय.

आणि हो, हरभरा. मी घाईनं पेरलेल्या त्या अर्ध्या एकरात उगवण विरळ आहे. ढेकळं बसली, काही बी कुजलं, आणि उगवलेल्यात आता मर दिसायला लागलीय. खालचं रान मंगळवारी, 4 तारखेला, खरा वाफसा आल्यावर ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करून पेरलं. ते ओळीनं सरळ उगवून आलंय. फरक फक्त चार दिवसांचा. बीजप्रक्रियेचा वाटा त्यात आहेच, वरच्या तुकड्याला घाईत ती पण केली नव्हती. पण घाई हीच मूळ चूक. ते चार दिवस मला चिखलानं, पोरानं आणि ट्रॅक्टरवाल्यानं जबरदस्तीनं दिले. मी स्वतः दिले नसते.

कृषी सहायक आणि केव्हीकेच्या साहेबांना एक विनंती. तुम्ही पिकाचं वेळापत्रक देता, कितव्या दिवशी खत, कितव्या दिवशी फवारणी. त्यात कितव्या दिवशी माणूस थांबवायचा हे पण एक ओळ लिहा. शेतीशाळेत थकव्याबद्दल बोला. आणि दिवसाच्या लाईटबद्दल आम्ही बोललो की त्याला फक्त सोयीची मागणी समजू नका. ज्याच्याकडं सौर पंप आला तो रात्री झोपतो, हा त्या पंपाचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

बाकी मंडळी, तुमच्याकडं बैलाला कोणता वार होता ते घरातल्या जुन्या माणसाला विचारून मला कळवा. आणि तुमच्या मालकिणीला कोणता वार आहे, ते तिला विचारा. उत्तर आलं नाही तर समजून घ्या.

बाहेर पिशव्यांचा आवाज आला. मालकीण आली वाटतं. चहा गरम करतो.

राम राम.